जुनी गाडी घेताय? आधी तिचा सातबारा वाचा

२०१४ च्या दिवाळीनंतर कापसाचा चुकारा हाती आला आणि आमच्या घरी पहिली चारचाकी आली. यवतमाळ जिल्ह्यातल्याच एका ओळखीच्या काकांची, सात वर्षं वापरलेली, पांढरी पेट्रोल गाडी. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर खरेदी-विक्रीचा मजकूर टाईप केला, नोटरीचा शिक्का मारला, काकांनी आरटीओच्या फॉर्मवर सह्या केल्या, मी पैसे मोजले आणि चाव्या घेतल्या. निघताना काका म्हणाले, "कागदाचं काय हाये भाऊ, सही देल्ली ना म्या. नावावर तुमी केव्हाबी करून घ्या."

मी तो लिफाफा कपाटात ठेवला. पुढे पेरणी आली, डवरणी आली, घरात एक लग्न निघालं. दीड वर्षानं काका वारले. मागे दोन मुलं आणि एक मुलगी, त्यातला एक मुलगा हैदराबादला. काकांनी आधी केलेल्या सह्या आता उपयोगाच्या नव्हत्या. आधी गाडी वारसाच्या नावावर, मग वारसाकडून माझ्या नावावर, असा दुहेरी फेरा करावा लागला. तिन्ही भावंडांची संमती गोळा करायला आणि जिल्ह्याच्या ठिकाणी चकरा मारायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत मी गाडी चालवत होतो ती मनात धाकधूक घेऊन, कारण कागदावर ती गाडी एका वारलेल्या माणसाची होती.

मला आजही वाईट वाटतं ते एका गोष्टीचं. त्याच्या तीनच वर्षं आधी आम्ही दोन एकर वावर घेतलं होतं. तेव्हा सातबारा काढला, आठ-अ काढला, जुने फेरफार पाहिले, इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा बोजा दिसला तर तो उतरवल्याशिवाय इसारचिठ्ठीसुद्धा केली नाही. वावर घेताना एवढा शहाणा असलेला माणूस गाडी घेताना नुसता टायरला लाथ मारून आणि हॉर्न वाजवून मोकळा होतो. गाडीलाही सातबारा असतो. त्याला आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, म्हणतात, आणि तो वाचता आला तर जुन्या गाडीच्या व्यवहारातली निम्म्याहून जास्त फसवणूक दारातच थांबते.

आरसी वाचायची कशी

पहिलं काम घरबसल्या होतं. गाडीचा नंबर घ्या आणि मोबाईलवर सरकारच्या 'एमपरिवहन' ॲपमध्ये टाका. मालकाच्या नावातली काही अक्षरं झाकलेली दिसतील, पण नोंदणीची तारीख, इंधन, विमा कधीपर्यंत आहे, फिटनेस कधीपर्यंत आहे आणि गाडी कोणत्या आरटीओची आहे, हे समजतं. आपल्या विदर्भात नंबरवरूनच जिल्हा कळतो: एमएच २७ अमरावती, २८ बुलडाणा, २९ यवतमाळ, ३० अकोला, ३२ वर्धा, ३३ गडचिरोली, ३४ चंद्रपूर, ३५ गोंदिया, ३६ भंडारा, ३७ वाशिम, नागपूरला ३१, ४० आणि ४९ असे तीन. ई-चलानच्या संकेतस्थळावर तोच नंबर टाकून थकलेले दंडही पाहून घ्या. समृद्धी महामार्गावर कॅमेऱ्यात सापडलेला वेग गाडीच्या नंबरवर बसतो, आणि मालक बदलला म्हणून तो दंड आपोआप उतरत नाही.

मग मूळ आरसी हातात घ्या. झेरॉक्स नको, मोबाईलमधला फोटो नको. त्यावरचं नाव आणि समोर बसलेल्या माणसाच्या आधारवरचं नाव एकच आहे का? हा प्रश्न विचारायला माणसं लाजतात. लाजू नका. समोरचा म्हणेल, "गाडी साळ्याच्या नावावर हाये, पण वापरतो मीच." असेल खरं. मग साळ्याला बोलवा, किंवा आपण त्याच्याकडे जाऊ. कित्येकदा आपण ज्याला मालक समजतो तो मधला माणूस असतो. त्यानं गाडी कुणाकडून तरी घेतलेली असते, फॉर्मवर कोऱ्या सह्या घेऊन ठेवलेल्या असतात, स्वतःच्या नावावर ती कधी केलेलीच नसते, आणि आता तो तेच कोरे फॉर्म तुमच्या हातात ठेवतो. अशा साखळीत तुम्ही तिसरे की पाचवे, हे तुम्हाला कधीच समजत नाही. कागदावर गाडी 'फर्स्ट ओनर' दिसते आणि प्रत्यक्षात चार घरं फिरून आलेली असते.

आरसीवर मालक कितवा तेही लिहिलेलं असतं. दुसरा किंवा तिसरा असेल तर वाईट असं नाही, पण पाच वर्षांच्या गाडीला चार मालक असतील तर प्रत्येकानं ती का काढून टाकली, हे विचारा.

पुढचा रकाना बोज्याचा. गाडी कर्जावर घेतलेली असेल तर आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव चढतं. आपल्या बोलण्यात याला एचपी म्हणतात. विकणारा सांगतो, "कर्ज केव्हाचंच फिटलं." फिटलंही असेल, पण सोसायटीचं कर्ज भरल्यावर सातबाऱ्यावरचा बोजा जसा आपोआप उतरत नाही, तसाच इथंही उतरत नाही. बँकेची एनओसी आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घेऊन आरटीओत तो कमी करून घ्यावा लागतो. बोजा असलेली गाडी बँकेच्या संमतीशिवाय तुमच्या नावावर होणार नाही, आणि हप्ते थकलेले असतील तर वसुलीवाले गाडी तुमच्या दारातून उचलून नेऊ शकतात. कर्ज खरंच चालू असेल तर विकणाऱ्याबरोबर बँकेत जा, उरलेली रक्कम थेट त्याच्या कर्जखात्यात भरा, पावती घ्या, आणि वरचे पैसे मग त्याला द्या.

आता वारसाचा मुद्दा, कारण आपल्या गावांत हा फार येतो. वडील गेले, गाडी अंगणात कडुनिंबाखाली उभी आहे, मुलगा विकायला निघाला. कायद्यानुसार मालक वारल्यावर वारसानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि ३ महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. वारस फेरफार झाल्याशिवाय आपण वावर घेत नाही, तसं इथंही म्हणा: "आधी तुझ्या नावावर कर बाबा, मग मी घेतो." माझे सात महिने या एका वाक्यानं वाचले असते, जर मी ते काका हयात असताना स्वतःला लावून घेतलं असतं.

नाव चढेपर्यंत सौदा अर्धाच

नोटरीचा स्टॅम्प पेपर म्हणजे पुरावा. पैसे दिले, गाडी घेतली, एवढं तो सांगतो. पण मोटार वाहन कायदा १९८८ च्या हिशेबानं मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे तो. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात हे अगदी ठासून सांगितलं. त्यात मूळ मालकानं गाडी २००७ मध्ये विकली होती. गाडी पुढे हातोहात गेली आणि २००९ मध्ये तिच्याकडून अपघात झाला. आरसीवर नाव मात्र पहिल्याचंच होतं. न्यायालयानं नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावरच ठेवली. अपघातात सापडलेल्या गरीब माणसानं गाडीच्या मालकांची साखळी शोधत फिरायचं का, असा त्यामागचा विचार आहे, आणि मला तो अगदी योग्य वाटतो.

म्हणजे नाव बदलण्याची घाई घेणाऱ्याइतकीच विकणाऱ्यालाही असली पाहिजे. हे त्याला समजावून सांगितलं तर तोही चटकन तयार होतो. कायदा दोघांनाही मुदत देतो: एकाच राज्यातला व्यवहार असेल तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत फॉर्म २९ भरून आरटीओला कळवायचं, आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत फॉर्म ३० चा अर्ज करायचा. सोबत मूळ आरसी, विमा, पीयूसी, दोघांचे ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे. अर्ज 'वाहन' पोर्टलवर भरताना विकणाऱ्याच्या नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. खेड्यात गाडं अडतं ते नेमकं इथं. आरसीला जोडलेला नंबर सहा वर्षांपूर्वी बंद झालेला असतो, किंवा गाडी घेताना शोरूममधल्या कुणाचा तरी दिलेला असतो. म्हणून पैसे देण्याआधीच विचारा, "काका, आरसीला कोणता मोबाईल लागून आहे?" आणि शक्य असेल तर ज्या दिवशी सौदा, त्याच दिवशी दोघांनी नेट कॅफेत एकत्र बसून अर्ज भरून टाका.

१ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट, म्हणजे एचएसआरपी, लावलेली आहे का तेही पाहा. ती सक्तीची आहे, आणि ती नसेल तर आरटीओचं काम अडू शकतं. लावून द्यायला विकणाऱ्यालाच सांगा.

विम्याबाबत गावात एक मोठा गैरसमज आहे: "फर्स्ट पार्टी विमा हाये, अजून आठ महिने बाकी हायेत." गाडी विकली की त्यातला थर्ड पार्टीचा भाग, म्हणजे तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं केलेलं नुकसान, गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र असा आपोआप येत नाही. त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. नाही केली आणि रात्री रोही, म्हणजे नीलगाय, आडवी येऊन गाडीचं तोंड फुटलं, तर दावा नाकारला जाऊ शकतो. 'नो क्लेम बोनस'ची सूट, जी ५० टक्क्यांपर्यंत जाते, ती माणसाची असते, गाडीची नाही. ती जुन्या मालकाकडेच राहते आणि तेवढा फरक तुम्हाला भरावा लागतो. सौद्यात ही रक्कम आधीच धरा.

विदर्भाच्या सीमा मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगणाला लागून आहेत, त्यामुळे छिंदवाडा, बालाघाट किंवा आदिलाबादकडची गाडी चाळीस हजारानं स्वस्त मिळते म्हणून बरेच जण तिकडे धावतात. तिथल्या आरटीओची एनओसी आणायची, इथं पुन्हा वाहनकर भरायचा, १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यायचा, आणि तिकडे भरलेला कर परत मागायला पुन्हा तिकडेच हेलपाटे. हे सगळं धरून हिशेब मांडला तर ते चाळीस हजार फारसे उरत नाहीत. ओळखीची, चांगली सांभाळलेली गाडी असेल तरच या वाटेला जा.

वय पाहायला विसरू नका. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे फिटनेस तपासून ५-५ वर्षांनी नूतनीकरण होतं. १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीच्या या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं, वर पर्यावरण कर वेगळा. साडेचौदा वर्षांची गाडी 'स्वस्तात' मिळते ती याच कारणानं.

आता गाडीकडे वळू

कागद पास झाले तरच गाडी पाहायला जा. आणि जायचं ते सकाळी, सहा-सातला, ऊन चढायच्या आत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. उभ्या गाडीचं बोनेटही दुपारी तव्यासारखं तापतं, आणि मग ते उन्हानं तापलं की इंजिन आधीच चालू करून ठेवल्यानं, हे हातानं कळत नाही. सकाळी बोनेटवर हात ठेवा. थंड असेल तर ठीक. कोमट लागलं तर विकणाऱ्यानं तुम्ही यायच्या आधी गाडी चालू करून घेतली आहे. असं तो का करेल? कारण दुखणाऱ्या इंजिनचं दुखणं पहिल्या स्टार्टलाच बोलतं. थंड इंजिन चालू करताना एकानं मागे सायलेन्सरजवळ उभं राहायचं. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा धूर थंडीत क्षणभर चालतो, पण येतच राहिला तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आत शिरत असेल. काळा धूर इंधन नीट न जळाल्याचा.

इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढून पाहा. आतून भकाभक धूर येत असेल तर पिस्टन रिंग झिजल्या असण्याची शक्यता मोठी. झाकणाच्या आतल्या बाजूला ताकासारखा पांढरट लेप असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळतंय. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडा. तापल्यावर उघडलं तर वाफेनं हात-तोंड भाजतं.

चेसिस नंबर सतरा अक्षर-आकड्यांचा असतो. आरसीवरचा नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर एक-एक अक्षर बोट ठेवून जुळवा. कोरलेल्या जागेभोवती घासल्याच्या, वेल्डिंगच्या किंवा नव्या रंगाच्या खुणा असतील तर सौदा तिथंच थांबवा. इंजिन नंबरही तसाच जुळवा.

पुरात बुडालेली गाडी ओळखणं आपल्या भागात फार गरजेचं झालं आहे. जुलै २०२२ मध्ये वर्धा आणि पैनगंगेला पूर आले, जुलै २०२३ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात महागावकडे पाणी शिरलं, आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत, तळघरांत उभ्या गाड्या बुडाल्या. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी पूर्ण बाद धरते. अशी गाडी लिलावात कुणीतरी घेतो, धुऊन-पुसून, सीटला नवं कव्हर घालून पुन्हा रस्त्यावर आणतो. तिच्या वायरिंगमध्ये शिरलेलं पाणी वर्ष-दोन वर्षं गुपचूप काम करत राहतं, आणि मग एके दिवशी काच खाली जात नाही, दुसऱ्या दिवशी दिवे विझतात, तिसऱ्या दिवशी गाडी फाट्यावर बंद पडते.

तिला पकडायचं कसं? सीटचा पट्टा पूर्ण ओढून बाहेर काढा, अगदी शेवटच्या टोकापर्यंत. रोजच्या वापरात तेवढा पट्टा कुणी ओढत नाही, त्यामुळे धुणाऱ्याचाही हात तिथं पोचत नाही. शेवटच्या हातभर भागावर मातकट आडवी रेघ दिसली तर पाणी कुठवर चढलं होतं, ते त्या रेघेनं सांगितलं. मग पायाखालचं कार्पेट कोपऱ्यातून उचला, सीटच्या रुळावरचा गंज पाहा, डिकीतलं स्टेपनी काढून त्याखालच्या खड्ड्यात हात फिरवा. काच बंद करून पाच मिनिटं आत बसा. भिजलेल्या गोणपाटासारखा वास अत्तराच्या डबीखालूनही येतो. उलट, आठ वर्षांच्या गाडीत अगदी कोरं करकरीत कार्पेट असेल तर तेही विचारण्यासारखं आहे.

डिकीच्या खड्ड्यात गंज असण्याचं आपल्याकडे आणखी एक कारण असतं. युरिया-डीएपीची पोती. खत हवेतला ओलावा ओढतं, पोत्यातून सांडलेले दाणे कार्पेटखाली जातात आणि पत्रा खातात. एवढ्यानं गाडी टाकाऊ होत नाही. पण पत्रा आरपार गेला असेल तर किमतीतून वजा करा. बोनेटच्या आतल्या बाजूचा नमदा आणि वायरींवर चिकटपट्ट्या दिसतात का तेही पाहा. ज्या घरात सोयाबीनची पोती साठलेली असतात, तिथं उभ्या गाडीच्या वायरी उंदीर हमखास कुरतडतात.

ठोकलेली गाडी ओळखायला खिशात एक लहानसं चुंबक ठेवा, कपड्यात गुंडाळून, म्हणजे रंगाला ओरखडा जाणार नाही. दारांवर, चाकांच्या वरच्या पत्र्यावर फिरवा. जिथं ते धरत नाही तिथं पत्र्यावर पुट्टी भरलेली असते. बंपर प्लास्टिकचा असतो, तिथं चुंबक धरणारच नाही, त्यावरून घाबरू नका. साध्या ओरखड्यासाठी एखादं दार रंगवलं असेल तर त्यात काही नाही. खेड्यात बैलगाडीचं जू घासतं, गेटला गाडी लागते. काळजी करायची ती आतल्या सांगाड्याची. बोनेट उघडून दोन्ही बाजूंचे एप्रन (चाकांवरचे आतले पत्रे) आणि दाराचे पिलर (खांब) पाहा. कंपनीचं वेल्डिंग ठरावीक अंतरावर गोल ठिपक्यांचं असतं. गावातलं वेल्डिंग ओबडधोबड दिसतं. बोनेटच्या बोल्टवरचा रंग तडकला असेल तर बोनेट कधीतरी उतरलेलं आहे. काचांच्या कोपऱ्यात वर्षाची खूण असते. पाच काचा एका वर्षाच्या आणि सहावी नंतरची, तर त्या बाजूला काय झालं होतं ते विचारा. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तर समजा की एअरबॅग उघडून गेली असेल आणि दिव्याची वायर कुणीतरी काढून ठेवली असेल. ज्या गाडीत तुमची लेकरं बसणार, तिच्यात या एका गोष्टीवर मी तरी तडजोड करणार नाही.

मीटर मागे करणं सोपं आहे, म्हणून मीटरवर विसंबू नका. टायरच्या बाजूवर चार आकडे एका चौकटीत कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी २०१९ ची, मीटर २८ हजार किलोमीटर, आणि टायर मात्र २०२२ चे? मग पहिले टायर एवढ्या लवकर कुठं झिजले? क्लच-ब्रेकच्या पायपट्टीचं रबर, गिअरचा गोळा, स्टिअरिंगवरची चकाकी खरं बोलतात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मालकाला सोबत नेलं तर जुन्या सर्व्हिसच्या नोंदी, किलोमीटरसकट, पाहायला मिळतात.

गॅसच्या गाडीबद्दल एवढंच: सीएनजी किंवा एलपीजी किट आरसीवर चढलेलं असलंच पाहिजे, आणि सीएनजीच्या टाकीची दर ३ वर्षांनी दाबचाचणी झालेली असली पाहिजे. स्वयंपाकाच्या सिलिंडरवर चालणारी व्हॅन कुणी कितीही स्वस्तात दिली तरी घेऊ नका. तो चालता-फिरता जीवघेणा धोका आहे.

चालवून पाहताना डांबरी रस्त्यावर दोन किलोमीटर जाऊन परत येऊ नका. आधी पांदण रस्त्यावर घ्या, काचा बंद, एसी बंद, रेडिओ बंद, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. खड्ड्यात पुढून 'खटक-खटक' आलं तर सस्पेन्शनचं काम आहे. मग हायवेवर साठ-सत्तरला स्टिअरिंगवरचा हात जरा सैल सोडा. गाडी एका बाजूला ओढते का, ब्रेक मारल्यावर थरथरते का? शेवटी उभ्या गाडीत पंधरा मिनिटं एसी पूर्ण चालू ठेवून तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. आपल्या उन्हाळ्यात कमकुवत रेडिएटर इथंच उघडा पडतो.

एवढं सगळं स्वतः पाहिलं तरी शेवटी तुमचा मिस्त्री न्या. विकणाऱ्यानं सुचवलेला नको. पाचशे-हजार रुपये आणि डिझेलचा खर्च त्याला द्या. फुकटात आलेला माणूस घाईत पाहतो, आणि मानधन घेतलेला माणूस गाडीखाली झोपून पाहतो.

पैसे

किमतीला एक आधार म्हणून विमा पॉलिसीवरचा आयडीव्ही पाहा, म्हणजे कंपनीनं धरलेली गाडीची किंमत. सौदा नेमका त्याच आकड्यावर व्हावा असं नाही, पण समोरचा त्याच्या दीडपट मागत असेल तर कारण विचारता येतं. माझ्या पाहण्यात मृगाच्या आधी, बी-भरणाच्या दिवसांत, विकणाऱ्याला पैशाची निकड असते आणि भाव नरम असतो. चुकारे झाले की चढतो.

इसार द्या तर चिठ्ठी करा: गाडीचा नंबर, चेसिस नंबर, ठरलेली किंमत, दिलेली रक्कम, आणि कागदात खोट निघाली तर इसार परत, हे वाक्य. बाकी रक्कम बँकेतून द्या. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला आयकर कायद्यात तेवढाच दंड आहे, आणि खासगी माणसाकडून घेतलेल्या गाडीला कसली गॅरंटी नसते. ग्राहक आयोगात दाद मागायला समोर व्यापारी लागतो. उद्या वाद झाला तर बँकेची नोंद हाच तुमचा आधार.

दहा-पंधरा हजार नाव चढेपर्यंत मागे ठेवायचं आधीच बोलून घ्या. आणि चावी घेताना एक डिलिव्हरी नोट दोघांच्या सहीनं करा, तिच्यावर तारखेबरोबर वेळही घाला: "सकाळी ११ वाजून २० मिनिटे, मीटर ६१,४३२." त्या क्षणाआधीचं चलान त्याचं, नंतरचं तुमचं.

दुसरी गाडी मी २०२१ मध्ये आर्णीकडच्या एका गुरुजींकडून घेतली. गाडी पाहण्याआधी त्यांच्या ओट्यावर बसून आरसी मागितली तेव्हा मला थोडा संकोच वाटत होता. गुरुजी आत गेले आणि एक प्लास्टिकची फाईल घेऊन आले. त्यात आरसी होती, बोजा उतरवल्याचा कागद होता, सात वर्षांच्या सर्व्हिसची बिलं तारखेवार लावलेली होती. म्हणाले, "तुमी मांगाच्या आधीच काढून ठेवली होती जी. नाव लवकर करून घ्या, मले रात्री झोप लागली पायजे." त्याच दुपारी आम्ही दोघं नेट कॅफेत बसलो, त्यांच्या मोबाईलवर ओटीपी आला, त्यांनी चष्मा वर करून आकडे वाचून दाखवले.